गतिमान जोडणी व स्मृतिवाटप

संगणकावर चालणारी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम, आणि तिला लागणाऱ्या सामायिक लायब्ररी यांची सांधणी आज्ञावली चालू होण्याच्या क्षणी करण्याच्या पद्धतीस गतिमान जोडणी म्हणतात. प्रचालन प्रणालीचा, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमचा, जो घटक हे काम करतो त्यास गतिमान लिंकर हे नाव आहे. सांधणी करताना लिंकरला स्वतःसाठी व आज्ञावलीसाठी स्मृती मिळवावी लागते आणि तीतील काही भाग पुढील गरजेकरिता राखून ठेवावा लागतो. हा भाग किती असावा हे ठरविणारी मूल्ये प्रणालीच्या कर्त्यांनी आधीच घालून दिलेली असतात. वापरणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर तीच लागू होतात. म्हणून त्यांस पूर्वनिर्धारित मूल्ये किंवा डिफॉल्ट म्हणतात. ही मूल्ये कशी ठरत गेली, कोठे अपुरी पडली आणि ती बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हाती कसा आला, याचा इतिहास सु. साठ वर्षांचा असून त्याच्या एका महत्त्वाच्या टप्प्याशी पुण्यातील संगणकतज्ञांचा संबंध आहे.

स्वरूप : फाइल वाचणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे, वर्गमूळ काढणे अशी अनेक कामे बहुतेक सर्व आज्ञावल्यांना करावी लागतात. त्यांसाठीच्या सूचना प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा लिहिण्याऐवजी त्या एकदाच लिहून लायब्ररीत ठेवतात. स्थिर जोडणीत या सूचनांची प्रत आज्ञावलीच्या फाइलमध्ये कायमची घातली जाते. गतिमान जोडणीत आज्ञावलीत फक्त लायब्ररीचे नाव व हव्या असलेल्या सूचनांची नावे असतात. आज्ञावली सुरू होताच लिंकर त्या लायब्ररी शोधतो, त्यांना स्मृतीत जागा देतो आणि प्रत्येक नावाच्या जागी खरा पत्ता भरतो. एकच लायब्ररी अनेक आज्ञावल्या एकाच वेळी वापरू शकत असल्याने स्मृतीची बचत होते. तसेच लायब्ररीतील दोष दुरुस्त केला की तो सर्व आज्ञावल्यांपुरता एकदमच दूर होतो.

या कामात स्मृतीचा हिशेब दोन ठिकाणी येतो. लिंकरला स्वतःची टाचणे ठेवण्यासाठी जागा लागते, तर आज्ञावली पुढे काय मागेल हे ठाऊक नसताना तिच्यासाठी काही जागा राखून ठेवावी लागते. राखीव साठ्याचा प्रश्न पाणीवाटपाच्या उदाहरणाने समजू शकेल. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या जलाशयांतील पाण्याचा मोठा वाटा मुंबई महानगरासाठी राखून ठेवलेला असतो. त्याच वेळी खर्डी परिसरासह या तालुक्यातील काही गावपाड्यांस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. राखीव साठा नसला, तर मोठी गरज भागत नाही आणि तो एकाच बाजूने ठरला, तर जवळची गरज अडते. संगणकातील राखीव स्मृतीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे वाटपाचा आकडा पुष्कळदा कोणाच्या नजरेसच पडत नाही.

पूर्वेतिहास : प्रारंभीच्या संगणकांत हा प्रश्न अशा स्वरूपात उद्‌भवत नव्हता, कारण स्मृतीतील प्रत्येक जागेचा विनियोग आज्ञावली लिहिणाराच करीत असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनविलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या फेराइट-गाभा स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही स्मृती १०,२४० बाइट, म्हणजे १० किलोबाइट भरते. एवढ्या जागेत सूचना, आकडे आणि मधली उत्तरे बसवावयाची असल्याने वाटपाचा निर्णय माणसाच्याच हाती असणे अपरिहार्य होते. १९६४ मध्ये या संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अशा यंत्रांवर फोर्ट्रानसारख्या भाषांत लिहिलेल्या आज्ञावल्यांस तयार उपआज्ञावल्या जोडण्याचे आणि त्यांना पत्ते देण्याचे काम लिंकर व लोडर या आज्ञावल्यांकडे गेले. माणसाच्या हातून वाटप निसटण्याची ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी इंग्लंडमध्ये घातली गेली. मँचेस्टर विद्यापीठाच्या सहभागाने तयार झालेल्या व डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘ॲटलास’ संगणकात आज्ञावलीने वापरलेला पत्ता आणि स्मृतीतील खरी जागा यांची फारकत करण्यात आली. यातूनच आभासी स्मृतीची कल्पना रूढ झाली. पुढे मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था, जनरल इलेक्ट्रिक व बेल प्रयोगशाळा यांनी १९६५ च्या सुमारास हाती घेतलेल्या ‘मल्टिक्स’ या प्रणालीत गतिमान जोडणी प्रथमच पूर्णत्वाने अवतरली. तीत एखाद्या उपआज्ञावलीचा उल्लेख प्रत्यक्ष अंमलात येईपर्यंत तिचा पत्ता ठरविलाच जात नसे. पहिला उल्लेख होताच प्रणाली मध्ये पडून दुवा पूर्ण करी. आजचे लिंकरही अनेक दुवे याच तत्त्वाने, पहिल्या वापराच्या वेळी, पूर्ण करतात.

भारतात या विषयाच्या अध्यापनास मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत चांगली परंपरा लाभली. तेथील प्राध्यापक धनंजय धामधेरे यांच्या प्रचालन प्रणाली व प्रणाली-आज्ञावल्या या विषयांवरील इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून लिंकर, लोडर व स्मृतिवाटप यांचा परिचय देशभरच्या विद्यार्थ्यांना झाला.

सामायिक लायब्ररींचा प्रसार : १९६९ नंतर बेल प्रयोगशाळेत वाढलेल्या ‘युनिक्स’ने मल्टिक्सची गतिमान जोडणी प्रारंभी स्वीकारली नाही, तीत स्थिर जोडणीच प्रचलित होती. १९८० नंतरच्या दशकात चित्रमय पडद्यांसाठीच्या लायब्ररी फार मोठ्या झाल्या आणि प्रत्येक आज्ञावलीत त्यांची प्रत ठेवणे परवडेनासे झाले. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘सनओएस ४.०’ (१९८८) या प्रणालीत फाइलचा भाग थेट स्मृतीच्या पत्त्यांवर आणून ठेवण्याची सोय व तिच्या आधारे कोणत्याही पत्त्यावर बसू शकणाऱ्या सामायिक लायब्ररी उपलब्ध झाल्या. ‘युनिक्स सिस्टिम ५’च्या चौथ्या आवृत्तीबरोबर आलेली ‘एल्फ’ ही फाइलरचना पुढे बहुतेक युनिक्ससदृश प्रणालींनी स्वीकारली.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स’ प्रणालीत प्रथम निराळी पद्धत होती. तीत प्रत्येक सामायिक लायब्ररीस पत्त्यांचा एक ठराविक पट्टा नेमून दिलेला असे आणि दोन लायब्ररी एकाच पट्ट्यावर येऊ नयेत, म्हणून पट्ट्यांची नोंद ठेवावी लागे. लायब्ररी वाढून पट्ट्यात मावेनाशी झाली, की मोठी अडचण होई. पूर्वनिर्धारित मूल्य काळाबरोबर कसे तोकडे पडते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. १९९५ च्या सुमारास लिनक्सने एल्फचा अंगीकार केल्यावर पत्ता नेमण्याचे काम लिंकरकडे आले आणि ही नोंदवही कालबाह्य झाली. १९९७ मध्ये आलेल्या ‘ग्नू सी लायब्ररी’च्या दुसऱ्या पिढीने, म्हणजे संक्षेपाने ‘ग्लिबसी’ने, लिनक्सवरील मूलभूत लायब्ररीचे व गतिमान लिंकरचे स्थान मिळविले. लिनक्सच्या बहुसंख्य प्रमुख वितरणांत ते आजही तिच्याकडे आहे.

लिंकरची स्वतःची स्मृती : आज्ञावलीस स्मृती देण्याची नेहमीची सोय मूलभूत लायब्ररीत असते. परंतु ही लायब्ररी जागेवर आणून बसविण्यापूर्वीच लिंकरला स्मृती लागते. यामुळे लिंकरमध्ये वाटपाची एक लहानशी स्वतंत्र व्यवस्था ठेवतात. ग्लिबसीच्या लिंकरमधील ही व्यवस्था अत्यंत काटकसरीची आहे. आपल्या शेवटच्या पानातील उरलेली जागा ती प्रथम वापरते, मग प्रचालन प्रणालीच्या गाभ्याकडून नवी पाने मागते. परत आलेला तुकडा सर्वांत शेवटी दिलेला असेल तरच तो पुन्हा वापरता येतो. इतर तुकडे तसेच पडून राहतात. गाभ्याकडून आलेले पान शून्यांनी भरलेले असते, म्हणून ‘शून्य केलेली जागा’ मागितली असता ही व्यवस्था ती पुन्हा पुसत नाही. ही शेवटची काटकसर पुढे महागात पडली. तिचा निर्देश पुढे येईल. ‘फ्रीबीएसडी’ या दुसऱ्या प्रणालीच्या लिंकरमध्ये ख्रिस किंग्जली यांनी १९८२ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रविद्या संस्थेत लिहिलेल्या वाटपपद्धतीचा अवलंब झालेला आढळतो. तीत मोजक्याच आकारांचे तुकडे देतात व प्रत्येक आकाराची मोकळी यादी ठेवतात. त्यामुळे वाटप शीघ्र होते, पण मागणीपेक्षा मोठा तुकडा द्यावा लागल्याने काही जागा वाया जाते.

थ्रेडसाठी राखीव जागा : एकाच आज्ञावलीत समांतर चालणाऱ्या कार्यप्रवाहांस थ्रेड म्हणतात. प्रत्येक थ्रेडला स्वतःची अशी काही मूल्ये ठेवण्यास थोडी स्मृती लागते. आज्ञावली सुरू होताना ज्या लायब्ररी ठाऊक असतात त्यांची ही गरज लिंकर मोजू शकतो. पण एखादी लायब्ररी आज्ञावली चालू असताना मागाहून मागविली आणि तिने आपली जागा ठराविक अंतरावरच असावी असा आग्रह धरला, तर चालू असलेल्या थ्रेडांचे साठे हलवून ती देता येत नाही. यासाठी प्रत्येक थ्रेडमागे थोडी जागा आधीच शिल्लक ठेवतात. ग्लिबसीमध्ये ही शिल्लक दीर्घकाळ ६४ बाइट अधिक १६ गुणिले १००, म्हणजे १,६६४ बाइट होती.

हा आकडा मूळ संहितेतच कोरलेला असल्याने तो बदलण्यास ग्लिबसी पुन्हा तयार करावी लागे. जागा ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या न्यायाने दिली जाई. परिणामी चित्रसंस्करण वा सांख्यिकी यांच्या मोठ्या लायब्ररी वापरणाऱ्यांना काही वेळा स्मृती अपुरी असल्याचा संदेश मिळे, मात्र यंत्रात स्मृती विपुल असे. लायब्ररी मागविण्याचा क्रम बदलला, की तीच आज्ञावली बिनतक्रार चाले. अशा प्रसंगी वापरणारा आपल्या आज्ञावलीत दोष शोधीत बसे, पण कारण त्याच्या दृष्टीआड असलेल्या एका आकड्यात असे.

वाटपक्षेत्रे व त्यांची संख्या : मूलभूत लायब्ररीतील वाटपव्यवस्थेचा उगम डग ली यांनी १९८७ मध्ये आरंभिलेल्या कामात आहे. वोल्फ्राम ग्लोगर यांनी तीत अनेक थ्रेडांसाठी बदल केले व तिचे हे रूप ग्लिबसीने घेतले. सर्व थ्रेड एकाच साठ्यातून स्मृती मागू लागले, तर त्यांना एकमेकांसाठी थांबावे लागते. म्हणून साठ्याची अनेक स्वतंत्र क्षेत्रे करतात. त्यांस व्यवहारात ‘अरीना’ म्हणतात. २००९ पासून ग्लिबसीत नव्या थ्रेडला शक्यतो नवे क्षेत्र देण्याची पद्धत प्रथम प्रायोगिक रीतीने व पुढे सर्रास आली. ६४ बिटांच्या यंत्रावर क्षेत्रांची कमाल संख्या प्रक्रियक-गाभ्यांच्या आठपट धरलेली आहे आणि अशा प्रत्येक क्षेत्रासाठी पत्त्यांचा ६४ मेगाबाइटांचा पट्टा राखला जातो.

या आकड्यांचा अर्थ तुलनेने ध्यानात येतो. एका क्षेत्राचा राखीव पट्टा टिफ्रॅकच्या संपूर्ण स्मृतीच्या सु. साडेसहा हजारपट आहे. सोळा गाभ्यांच्या यंत्रावर १२८ क्षेत्रे होऊ शकतात आणि त्यांचे पट्टे मिळून ८ गिगाबाइट भरतात. राखलेला पत्ता म्हणजे खर्च झालेली स्मृती नव्हे हे खरे. पण क्षेत्रे विखुरली, की परत न जाणारे तुकडेही वाढतात, आणि पत्त्यांच्या एकूण वापरावर मर्यादा घातलेल्या व्यवस्थेत निव्वळ राखलेला पट्टाही आज्ञावली बंद पाडण्यास पुरेसा ठरतो. विदेच्या प्रचंड साठ्यांवर काम करणाऱ्या ‘हडूप’ या व्यवस्थेने आपल्या प्रारंभक आज्ञांतच क्षेत्रांची संख्या चारवर आणून ठेवली, ती याच कारणास्तव. वेगासाठी निवडलेले मूल्य स्मृतीच्या दृष्टीने जड ठरले. मोठ्या यंत्रास ते मानवते, लहान यंत्रास मानवत नाही. लिंकरला मात्र दोन्हीकडे तेच मूल्य लावावे लागते.

मूल्ये बदलण्याची चौकट : महाराष्ट्रात हा विषय केवळ पाठ्यपुस्तकी राहिला नव्हता. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना होऊन १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. पुण्यातच उभारलेला टाटा समूहाचा ‘एका’ हा संगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होता व तो लिनक्सवर चाले. लिनक्सचे वितरण करणाऱ्या रेड हॅट या कंपनीचे अभियांत्रिकी कार्यालयही पुण्यात असून तेथील काही अभियंत्यांनी ग्लिबसीच्या विकासात प्रत्यक्ष भाग घेतला. सिद्धेश पोयरेकर हे त्यांपैकी एक होत.

ग्लिबसीची काही मूल्ये पूर्वीही बाहेरून बदलता येत असत. परंतु त्यांची नावे, अर्थ व मर्यादा यांत एकसूत्रता नव्हती आणि लिंकरमधील बहुतेक आकडे तर संहितेतच बंद होते. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर पोयरेकर यांनी रचलेली एक समान चौकट २०१६ च्या अखेरीस ग्लिबसीत समाविष्ट झाली. तिला ‘ट्यूनेबल्स’ म्हणतात. तीत प्रत्येक मूल्याचे नाव, प्रकार, किमान व कमाल मर्यादा आणि पूर्वनिर्धारित आकडा यांची एकाच ठिकाणी नोंद असते. आज्ञावली सुरू करताना एका ठराविक नावाच्या परिसर-चलात वापरणाऱ्याने आपले आकडे लिहावयाचे आणि लिंकरने ते प्रारंभीच वाचून लागू करावयाचे, अशी ही योजना आहे. फेब्रुवारी २०१७ मधील २.२५ या आवृत्तीत ती ऐच्छिक होती. ऑगस्ट २०१७ मधील २.२६ या आवृत्तीपासून ती आपोआप लागू झाली. ही नावे पुढील आवृत्त्यांत बदलू शकतील, असे कर्त्यांनी मुद्दाम नमूद केले आहे. कारण आज सोयीचा वाटणारा आकडा उद्याच्या सुधारणेस अडसर ठरू नये, असा त्यांचा हेतू होता.

या चौकटीचा लाभ लिंकरच्या राखीव जागेसही मिळाला. ऑगस्ट २०२० मधील २.३२ या आवृत्तीत १,६६४ बाइटांच्या जुन्या सूत्राची जागा नव्या हिशेबाने घेतली. प्रणालीच्या स्वतःच्या लायब्ररींची गरज आणि इतरांसाठीची ऐच्छिक शिल्लक यांची त्यात फोड करण्यात आली. ऐच्छिक शिल्लक ५१२ बाइट ठेवून ती वाढविण्याची मुभा वापरणाऱ्यास देण्यात आली. २०२१ च्या आरंभीच्या २.३३ या आवृत्तीपासून अशी सर्व मूल्ये व त्यांच्या मर्यादा लिंकरकडूनच छापून घेता येतात. दृष्टीआडचे आकडे अशा रीतीने प्रथमच सर्वांना वाचता येऊ लागले.

दोष व त्याचा बोध : अधिकाराबरोबर जोखीम आली. संगणकावरील काही आज्ञावल्या, उदा., दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने काम करू देणारी ‘सुडो’, सामान्य माणसाने सुरू केल्या तरी प्रमुख व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालतात. त्यांच्याही आधी लिंकर चालतो, म्हणून सामान्य वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर तो पूर्ण अधिकारानिशी वाचत असतो. अशा आज्ञावल्यांसाठी हा मजकूर गाळून त्याची प्रत करण्याच्या पद्धतीत २०२१ मध्ये बदल झाला व त्यात एक दोष राहिला. बरोबरचे चिन्ह चुकीच्या जागी पुन्हा आले, तर प्रत मूळ मजकुरापेक्षा लांब होई आणि तिच्यासाठी घेतलेल्या जागेच्या बाहेर लिहिले जाई.

क्वालिस या सुरक्षा-संस्थेने हा दोष ३ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘लूनी ट्यूनेबल्स’ या नावाने प्रसिद्ध केला. फेडोरा, उबंटू व डेबियन या वितरणांच्या तत्कालीन आवृत्त्यांवर त्याद्वारे प्रमुख व्यवस्थापकाचा अधिकार बळकावता येतो, हे संस्थेने दाखविले. येथेच लिंकरची जुनी काटकसर आड आली. जागेबाहेर सांडलेला मजकूर ज्या स्मृतीत पडे तीच पुढे लिंकर आपल्या नोंदींसाठी घेई. ती शून्यच आहे असे गृहीत धरून तो ती पुसत नसे, आणि हल्लेखोराने ठेवलेला मजकूर लायब्ररी कोठे शोधावी याची नोंद म्हणून वाचला जाई. प्रसिद्धीच्या दिवशीच दुरुस्तीही उपलब्ध झाली. जानेवारी २०२४ मधील २.३९ या आवृत्तीपासून विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत लिंकर या चलाकडे पूर्णपणे दुर्लक्ष करतो.

समालोचन : टिफ्रॅकच्या काळी प्रत्येक शब्दाचा हिशेब माणसाकडे होता. पुढील अर्धशतकात तो लिंकर व लायब्ररी यांच्याकडे गेला आणि २०१७ नंतर त्याचा काही भाग माणसाकडे परतला. हा परतलेला अधिकार दोन अटींनी बांधलेला आहे. पहिली, मूल्य बदलण्यापूर्वी आज्ञावलीची खरी गरज मोजावयास हवी. क्षेत्रांची संख्या घटविली, तर स्मृती वाचते, पण थ्रेड एकमेकांसाठी अडतात. राखीव जागा वाढविली, तर लायब्ररी बसते, पण ती वाढ प्रत्येक थ्रेडमागे द्यावी लागते. दुसरी अट अशी, की हा अधिकार ज्याच्या हाती द्यावयाचा त्याच्यापेक्षा अधिक अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीपर्यंत तो पोहोचू नये. शेकडो गाभ्यांच्या यंत्रांस व ग्रामीण शाळेतील जुन्या संगणकास एकच लायब्ररी पुरविली जात असल्याने दोघांनाही तंतोतंत लागू पडेल असा आकडा असू शकत नाही. म्हणून पूर्वनिर्धारित मूल्य बहुतेकांस सोसेल असे ठेवणे, ते उघड नमूद करणे आणि सुरक्षिततेच्या मर्यादेत ते बदलू देणे, अशी पद्धत ग्लिबसीच्या लिंकरमध्ये आता रूढ झाली आहे.